केगमधली पुरचुंडी

सप्टेंबर लागला आणि सुलभाकाकूंचा फोन आला. "अनघा, अगं वेल कुंपणावरून शेजाऱ्याकडे चाललाय. तोडायला येतेस ना?" येते म्हटलं. फोन ठेवला आणि उगाचच तळहात नाकाशी नेला. हाताला साबणाचा वास होता. पण त्याच्या खालून तो दुसरा वास आलाच. कैरीचा देठ मोडला की चीक उडतो, त्याचा वास. त्यात संत्र्याची साल. आणि मागे कुठेतरी नुकतं कापलेलं गवत. हॉप्सचा वास. बिअरला जो कडवटपणा असतो आणि जो सुवास असतो, तो या हिरव्या, कागदी बोंडांचा. ज्यांनी बिअर कधी प्यायलेली नाही त्यांनी उठून जाऊ नये. या लेखात पिण्याचं काम फारच थोडं आहे.

आमचं डब्लिन अमेरिकेतलं, ओहायोतलं. इथे सप्टेंबर शिस्तीत येतो. तळ्यांवरची रानबदकं रस्ता अडवून चालायला लागतात, दुकानांच्या दारात भोपळ्यांचे ढीग पडतात, शनिवारी फुटबॉलच्या सामन्यासाठी अख्खं गाव एकाच रंगाचे टीशर्ट घालतं, आणि कुठे ना कुठे कुणीतरी पाठीला यंत्र बांधून पानं उडवत असतो. घरं एकसारखी, गॅरेजची दारं एकसारखी. दार रिमोटने वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली येतं. मी पीएचडीला इथे आले तेव्हा पहिले काही आठवडे मला वाटलं होतं की लोक सुट्टीवर गेलेत. लोक घरातच होते.

पुण्यात कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. फीवाढीवर, होस्टेलच्या पाण्यावर, कंत्राटी शिक्षकांवर. पत्रकाला शिस्त असते. पहिल्या ओळीत अन्याय, मग पुरावा, मग मागण्या, खाली सभेची जागा. विशेषण दिसलं की काट मारायची. इथेही एका छोट्या गटात मी तेच करते. व्हिसावर राबणाऱ्यांची बाजू लिहिते, लायब्ररीच्या खोलीत सभा घेते, दुकानांच्या पार्किंगमध्ये कागद वाटते. पण गेल्या वर्षीच्या त्या हंगामाचं पत्रक मला काही केल्या जमत नाही. अन्याय आहे, पुरावा आहे. मागणी लिहायला बसले की हात थांबतो. म्हणून मग हे असं, ऐसपैस.

मंदार माझा हाउसमेट होता. नाशिकचा. एका कंपनीत कोडिंग करायचा, आवाज कधी चढवायचा नाही, आणि मला 'कॉम्रेड' म्हणायचा, अर्धं चिडवायला आणि अर्धं मनापासून. तिसऱ्या खोलीतली मुलगी लग्न करून वेस्ट विंडसरला गेल्यापासून टाउनहाउसमध्ये आम्ही दोघंच उरलो होतो. आमच्यात 'तसलं' काही नव्हतं. हे लिहावं लागतं याचाच मला संताप येतो. एका घरात एक मुलगा आणि एक मुलगी राहतात म्हटलं की मंडळींच्या भुवया वर. ती दोघं रोज रात्री वेगवेगळ्या घरात एकटी जेवली असती तर कुणाचीही भुवई हलली नसती. आमच्यात जे होतं त्याला नाव नाही. सकाळी खाली कुणीतरी चहाचं आधण ठेवलंय हे पलंगावरून ऐकू येणं. जिन्यावर चपलांचा आवाज. फ्रीजचं दार उघडं ठेवून "अगं, ही कोशिंबीर तुझी की माझी?" असं ओरडणं. परदेशात पहिल्यांदा संपतं ते हे, आणि कुणी त्याची नोंद घेत नाही.

मंदार घरी बिअर करायचा. त्याच्या पहिल्या हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत करायला काही नाही, तेव्हा शिकला. गॅरेजमध्ये मोठं पातेलं चढवायचा. मोड आणून भाजलेलं जव गरम पाण्यात भिजायला लागलं की घरभर नाचणीच्या सत्त्वासारखा वास सुटायचा. डोळे मिटले तर कुणाच्या तरी बाळाला भरवायची वेळ झालीय असं वाटावं. मला त्यात रस नव्हता. मी जिन्याच्या पायरीवर बसून सभेचे ईमेल लिहायचे आणि तो मला न विचारलेली माहिती द्यायचा.

"हे बघ कॉम्रेड. हॉप्स उकळले की कडूपणा उतरतो, पण वास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून थोडे मागे ठेवायचे. बिअर तयार होऊन केगमध्ये भरली की वरून नुसते सोडायचे. उकळायचं नाही, काही नाही."

"मग काय फरक पडतो?"

"कोथिंबीर कधी घालतेस आमटीत?"

"गॅस बंद केल्यावर."

"मग?"

केग म्हणजे स्टीलचं उंच पिंप. दुधाची कॅन जरा सडपातळ केली तर दिसेल तसं. वर दोन कड्या, मधे लंबगोल झाकण. आमचा जुना होता, कुठल्याशा हॉटेलातून निघालेला, अंगावर पोचे आलेला.

ऑगस्टमध्ये मंदारची नोकरी गेली. सकाळी ईमेल आला, जेवायच्या आत लॅपटॉपने त्याला ओळखणं बंद केलं. आदल्याच रविवारी त्याने बिअर शिजवली होती, ती बादलीत फसफसत होती. नोकरी गेली म्हणजे इथे नुसती नोकरी जात नाही. ठरावीक मुदतीत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. मालक हा शब्द मी मुद्दाम वापरते. "एम्प्लॉयर म्हण ना यार," मंदार म्हणायचा. नाही म्हणणार. ज्याच्या सहीवर तुमचं राहणं, तुमची गादी, तुमची बादलीतली बिअर अवलंबून आहे, तो मालक.

गणपतीला आम्ही दोघं सुलभाकाकूंकडे गेलो. त्या आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात; काका निवृत्त झालेले, मुलगी फ्रीमाँटला. आरती झाली, ताटं घेऊन सगळे हॉलमध्ये पांगले, आणि नेहमीचा प्रश्न फिरू लागला. "कुठे असतोस?" म्हणजे कुठल्या कंपनीत. मंदार म्हणाला, "सध्या कुठेच नाही." समोरच्या गृहस्थांचा मोदक खाण्याचा वेग वाढला. "मार्केट टफ आहे," ते म्हणाले, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखे वळून निघून गेले. कुणी हाक मारली नव्हती. दुसरे आले, त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि आवाज इतका खाली आणला की मला वाटलं रिपोर्ट वाईट आलाय. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला जोडलेले हात आले, भरपूर. फोन एकही नाही. आपली माणसं, आपली संस्कृती, म्हणून व्यासपीठावरून घसा कोरडा करणारे हेच. लिहून ठेवलंय मी सगळं.

मंदार ताट घेऊन मागच्या अंगणात गेला. मी मागोमाग. तिथे कुंपणाला धरून एक वेल छतापर्यंत चढला होता आणि त्याला हिरव्या बोंडांचे झुबके लोंबत होते. मंदारने एक बोंड तोडलं, तळहातावर चोळलं, हुंगलं. मग माझ्या नाकाशी धरलं. महिनाभरात मी त्याचा चेहरा असा पाहिला नव्हता.

"काकू," त्याने आत हाक मारली, "हा वेल कसला?"

"तोंडली रे ती!" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "म्हणजे, मला तोंडली वाटली होती. घर घेतलं तेव्हा आधीच्या गोऱ्या आजोबांनी लावलेला होता. पानं बघितली, म्हटलं देवच पावला, डब्लिनमध्ये तोंडली! दोन वर्षं पाणी घातलं. पहिल्या वर्षी काहीच नाही. दुसऱ्या वर्षी ही असली बोंडं. मी म्हटलं इकडची जात असेल. भाजी केली, खोबरं-बिबरं घालून. ह्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, सुलभा, हे कुठल्या आजारावरचं आहे?"

मंदार मोठ्याने हसला. मी मोजून सांगू शकत नाही, पण त्या महिन्यातलं ते पहिलं हसू होतं.

"मला देता का, काकू?"

"ने की. पण करणार काय त्याचं?"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. काकूंच्या घरात दारूचं नाव निघत नाही. "झोपेला चांगलं असतं," तो म्हणाला. "उशीत भरतात."

हे खोटं नव्हतं. खरंच भरतात.

पुढच्या शनिवारी आम्ही वेल उतरवला. तो वेल अंगावर येतो. त्याच्या दांड्याला बारीक आकडे असतात, दंडावर लाल रेघा उठतात. काकूंनी पॅटिओवर जुनी चादर अंथरली आणि आम्ही तिघं निवडायला बसलो. मेथी निवडायला बसतात तसेच, मांडी घालून, मधे ढीग, बाजूला परात. बोटं पिवळ्या भुकटीने चिकट झाली. काका खुर्चीत बसून शेरे मारत होते. काकू फ्रीमाँटच्या नातवाच्या तक्रारी सांगत होत्या, तो आजीला इंग्रजीतच उत्तर देतो, "आय नो आजी, आय नो". त्याची नक्कल करताना त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांनी पटकन ढिगातून पान काढून टाकलं. ऊन पाठीवर होतं. कुणालाही कुठे जायचं नव्हतं. मंदारला तर मुळीच नव्हतं, आणि सगळा प्रश्न तोच होता.

निघताना मंदार म्हणाला, "काकू, एखादं जुनं सुती फडकं आहे? पातळ?" काकूंनी आतून श्रीखंडाचं फडकं आणलं, चक्का बांधायचं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. "हे इथे मिळत नाही हं. दसऱ्याच्या आत आणून दे."

हॉप्स वाळवायला आमच्याकडे जागा नव्हती, म्हणून हॉलमध्ये जमिनीवर माझी उरलेली पत्रकं पसरली, छापील बाजू खाली, आणि वर पंखा सोडला. मंदार कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "तुझ्या पत्रकांचा पहिला खरा उपयोग." मी त्याच्या अंगावर उशी फेकली. पुढचे काही दिवस घरात जो वास होता, तो मला या देशाबद्दल प्रेमाने आठवतो असा एकमेव वास आहे.

मग एका दुपारी केग भरला. फडकं उकळलं, त्यात हॉप्स घातले, तळाशी जड म्हणून दोन स्टीलचे चमचे, आणि पुरचुंडी बांधून दात साफ करायच्या दोऱ्याने झाकणाला टांगली. दोरा आणायला मला पाठवलं होतं आणि मी पुदिन्याचा आणला. त्यावरून मंदारने मला परत दुकानात पिटाळलं. "बिअरला कोलगेट करायचंय का?" बिनवासाचा दोरा आला. झाकण लागलं. छोट्या सिलिंडरमधून सोड्यात असतो तो गॅस आत गेला, झाकणावरची कडी ओढली, फुस्स. परत गॅस, परत फुस्स. आत हवा राहिली की वास मरतो, म्हणून.

"आता आठवडाभर," मंदार म्हणाला. "मग पुरचुंडी काढायची. जास्त राहिली की गवत लागतं." आणि केगवर थाप मारून म्हणाला, "नाही. ऑफर आली की उघडायचा."

ऑफर. त्या दिवसांत हा शब्द आमच्या घरात देवासारखा राहत होता. मंदार सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, खाली हाफ पँट, आणि लॅपटॉपसमोर हसायला बसायचा. मुलाखत संपली की हसू तसंच घेऊन गॅरेजमध्ये जायचा आणि केगवर तळहात ठेवून उभा राहायचा, ताप बघतात तसा. आठवडा गेला. आणखी एक गेला.

"मंदार, काढ ना ती पुरचुंडी. तूच म्हणालास गवत लागतं."

"ऑफर आली की."

"बिअरला काय माहीत तुझी ऑफर?"

"काढून टाकली तर मग वाट कशाची बघू?"

त्याच दिवसांत मी पत्रक लिहीत होते, त्याच्यासारख्यांचंच. त्यात एक खरं नाव हवं होतं. नावाशिवाय लोक म्हणतात, असं कुठे असतं का?

"नुसतं पहिलं नाव दे," मी म्हटलं.

"पुढची कंपनी आधी नाव शोधते, कॉम्रेड."

"म्हणून तर कुणी देत नाही. आणि कुणी देत नाही म्हणून हे असंच चालतं."

"मग चालू दे. मला भांडायचं नाहीये यार. मला फक्त इथे राहायचंय."

"इथे म्हणजे अमेरिकेत?"

तो पोळी भाजत होता. उलटवली, फडक्याने दाबली, फुगली. "इथे," तो म्हणाला, आणि उलथन्यानेच स्वयंपाकघर, जिना, माझी खुर्ची असं सगळं दाखवलं.

मी तरीही म्हणते की नाव द्यायला हवं होतं. माझं मत बदललेलं नाही. पण ते उलथनं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

एक कंपनी शेवटच्या फेरीपर्यंत आली होती. आम्ही त्या दिवशी हळू बोलत होतो, जणू फोनला ऐकू जाईल. त्यांनी कळवलं की प्रोफाइल फार आवडलं, पण व्हिसाचं काम या तिमाहीत करत नाही. आवडलं! माझ्या हातात तो माणूस असता तर... असो. मंदारने आभाराचा ईमेल लिहिला, स्पेलिंग माझ्याकडून तपासून घेतलं आणि तिकीट काढलं.

दसऱ्याला दुपारी बेल वाजली. दारात काकू, हातात श्रीखंडाचा डबा. चपला काढायच्या आधीच सुरू. "माझं फडकं कुठाय? टी-टॉवेलात चक्का बांधावा लागला मला. सगळे धागे आले श्रीखंडात. ह्यांनी दोन काढले दातांतून!"

हॉलमध्ये मंदारच्या बॅगा उघड्या होत्या. काकूंनी त्या पाहिल्या आणि मग चपला काढल्या.

मंदार उभा राहिला. "काकू, फडकं बिअरमध्ये आहे."

मला वाटलं, झालं. काकूंनी डबा टेबलावर ठेवला. "मला फोन वापरता येत नाही असं वाटलं का रे तुला? त्याच दिवशी बघितलं मी, ते बोंड कशात घालतात. म्हटलं, पोरगा सांगेल तेव्हा सांगेल. ह्यांची उशी मात्र भरली. घोरणं वाढलंय, बाकी काही नाही." मग पदर खोचला. "चल, काढून दे माझं फडकं."

"तो केग ऑफर आल्यावर उघडायचा होता," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"असू दे. आज माझ्या फडक्यासाठी उघडेल."

आम्ही तिघं गॅरेजमध्ये गेलो. मंदारने कडी ओढून दाब सोडला, झाकण काढलं आणि दोरा धरून पुरचुंडी वर घेतली. काळसर हिरवी, ठिबकणारी, फुगून नारळाएवढी झालेली. तो "पिळू नका" म्हणेपर्यंत काकूंनी ती दोन्ही हातांनी सरावाने पिळलीसुद्धा. मंदारने तीन ग्लास भरले. काकूंनी तिसरा नको म्हटलं नाही. एक घोट घेतला, जीभ टाळूला लावून विचार केला.

"शेपूसारखं लागतंय."

मंदार प्यायला. गवत. नुसतं गवत, आणि मागून ताकाची आंबट लहर, श्रीखंडाच्या फडक्याची देणगी. "वाईट नाहीये," तो म्हणाला.

"वाईट आहे," मी म्हटलं.

"हो. वाईट आहे." आणि तो हसत सुटला, हसत हसत पायरीवर बसला आणि बराच वेळ मान वर केली नाही. काकू त्याच्या शेजारी बसल्या, गॅरेजच्या थंड फरशीवर, दसऱ्याच्या साडीत. "शेपू मला आवडतो," एवढंच म्हणाल्या.

विमानतळावर त्याला सोडलं तेव्हा तो म्हणाला, "केग तुझा." मागच्या गाडीने हॉर्न दिला. निरोप घ्यायलासुद्धा तिथे थांबू देत नाहीत.

नंतरचा हिवाळा मी कशाला सांगू? घरात दोन नवे आले. चांगले आहेत. दुधावर नावं लिहितात. कानात सतत काहीतरी असतं, जिन्यावर समोर आले की कानातलं एक काढतात, 'हाय' म्हणतात, परत घालतात. रविवारी दुपारी तीन बंद दारं आणि तीन वेगवेगळ्या सिरियलींचे अंधूक आवाज. मी एका पत्रकात लिहिलं होतं की एकटेपणा हा कुणाचा स्वभाव नसतो, तो घडवला जातो. रस्त्यांनी, व्हिसाने, सारख्या दिसणाऱ्या दारांनी. वाक्य बरोबर आहे. आजही त्यातला शब्द बदलणार नाही. पण बरोबर वाक्य घेऊन रविवारची दुपार संपत नाही. एकदा मी फ्रीजचं दार उघडं ठेवून नुसती उभी राहिले. फ्रीज वाजायला लागला.

या सप्टेंबरात काकूंकडे आम्ही दोघीच निवडायला बसलो. काका आत झोपले होते. ढीग तेवढाच होता, पण संपता संपेना. "मंदार काय म्हणतो?" काकूंनी विचारलं. "मजेत आहे," मी म्हटलं. खरंच आहे. हिंजवडीत नोकरी लागली, साखरपुडा झाला, वजन वाढलं.

बिअर मी ऑगस्टमध्ये शिजवली होती. पायरीवर बसून इतकं ऐकलं होतं की हात आपोआप चालले. केगला दोन कड्या असतात त्या दोघांनी उचलावा म्हणून. मी तो पायपुसण्यावर ठेवून फरशीवरून ओढत नेला. या वेळी जाळीची नवी पिशवी आणली. हॉप्स सोडायच्या आधी मंदारला फोन केला. माझी सकाळ, त्याची संध्याकाळ.

"ऐक ना, आठवडा म्हणायचास तो थंडीत की बाहेर ठेवल्यावर? गवत लागायला नेमकं कधी लागतं?"

"कसलं गवत?"

"हॉप्सचं."

"अरे बापरे! तू करतेयस?" तो खूश झाला, मनापासून. "विसरलो यार मी सगळं. नेटवर बघ ना, असेल." मागे कुणीतरी म्हणालं, "मंदार, ताट वाढलंय." भांड्यांचा आवाज आला, कुकरची शिट्टी, कुणाचं तरी हसणं.

"जा, जेव."

"कॉम्रेड, अजून भांडतेस का गं?"

"भांडतेय."

"भांड. आमच्या वाटचंही भांड."

मी फोन ठेवला. राग आला होता आणि तो टाकायला जागा नव्हती. त्याच्यावर? तो जेवायला बसला होता. माणसाने ताटावर बसू नये का? त्याचं जे हिरावलं ते त्याला दुसरीकडे मिळालं, चांगलंच झालं. अन्याय त्याच्यावर झाला आणि राहायला माझ्याकडे आला.

हॉप्सची पिशवी केगमध्ये सोडली. नेटवर दहा जणांनी दहा उत्तरं दिली होती, मी बंद केलं. रोज संध्याकाळी युनिव्हर्सिटीतून आले की केगच्या नळातून घोटभर काढायचे. सुरुवातीला काहीच नाही, नुसतं जव. मग एक दिवस मागून चीक आला, कैरीचा. मग संत्रं, आधी साल आणि मग रस. एका संध्याकाळी घोट घेतला आणि जीभ थांबली. सगळं होतं. उद्यापर्यंत गवत सुरू होईल हेही कळलं, कसं ते सांगता येणार नाही. दाब सोडला, झाकण काढलं, दोरा धरून पिशवी बाहेर घेतली. पिळली नाही. झाकण लावलं, गॅस सोडला, आणि एक ग्लास भरला.

चांगली झाली होती. मी स्वतःचं कौतुक सहसा करत नाही, पण हे खोटं कशाला बोलू? फार चांगली झाली होती.

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. घरात दोन्ही दारं बंद. काकू फ्रीमाँटला नातवाकडे गेलेल्या. मी बटण दाबलं आणि गॅरेजचं दार करकरत वर गेलं. बाहेर अजून उजेड होता. समोर एक दार, शेजारी एक दार, रस्ता संपेपर्यंत दारं. कुठेतरी पानं उडवायचं यंत्र चालू होतं, माणूस दिसत नव्हता. मी आत जाऊन आणखी तीन ग्लास भरून आणले आणि गॅरेजच्या तोंडाशी स्टुलावर मांडले. मग ड्राइव्हवेच्या टोकाला जाऊन उभी राहिले; पार्किंगमध्ये कागद वाटायला उभी राहते तशी, पाय रोवून, मान वर, येणाऱ्याच्या डोळ्यांत बघता येईल अशी. एक गाडी आली, वेग कमी झाला, शेजारचं दार वर गेलं, गाडी आत शिरली, दार खाली आलं.

कुणी थांबेपर्यंत उभं राहायचं, एवढं एकच काम मला नीट येतं. ग्लासांवरचा फेस बसत चालला होता. मी उभी होते.